डच धर्तीचं फुलांचं तैलचित्र: आधी उजेड, मग पाकळ्या

प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी जे लिहिलं आहे त्याचा गोषवारा असा. शाळेत इंटरमिजिएट ड्रॉइंगपर्यंतचं शिक्षण, मग बरीच वर्षं जलरंग, आणि आता दीडेक वर्षापासून तैलरंग. सतराव्या शतकातल्या डच चित्रांसारखा, काळोखातून उजेडात येणारा फुलांचा गुच्छ त्यांना रंगवायचा आहे. फुलवाल्याकडून गुच्छ आणला, मोबाइलवर फोटो काढला आणि त्यावरून एक चित्र पूर्ण केलं. पण फुलं कागदावरून कापून चिकटवल्यासारखी दिसतात, मागचा काळा रंग मेलेला वाटतो आणि गुलाबाच्या पाकळ्यांना आतून उजळल्याची ती झाक काही येत नाही. शेवटी त्या विचारतात: कोणतं मीडियम (रंगात मिसळायचं तेल किंवा द्रावण) वापरू? आणि हे चित्र आता फेकून देऊ का?

मीडियमचं नंतर सांगते, कारण तुमच्या तीन तक्रारींपैकी एकही मीडियममुळे आलेली नाही. तिन्हींचं मूळ एकच आहे. तुम्ही फुलं एकेक करून रंगवलीत आणि प्रत्येक फुलाला त्याचा स्वतंत्र उजेड दिलात. त्या चित्रांत उजेड सगळ्या गुच्छावर मिळून एकदाच पडलेला असतो, आणि कोणत्या फुलाला त्यातला किती वाटा मिळणार हे चित्रकाराने आधीच ठरवलेलं असतं.

हे पटायला एक काम करा. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर डच चित्रकर्ती राखेल राउश हिचं १७१६ सालचं, संगमरवरी टेबलावरच्या फुलांचं चित्र मोठ्या आकारात मोफत पाहता येतं. ते उघडा, पण आधी जवळ जाऊ नका. डोळे बारीक करून लांबून पाहा. बारकावे विरघळतात आणि उरतो तो उजेडाचा एक झोत: मध्याच्या आसपास फिकी फुलं, त्यांना लागून मधल्या छटांची, आणि कडेला गेलेली पानं-फुलं जवळजवळ पार्श्वभूमीत बुडालेली. आता तुमच्या चित्राचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. तुमच्यातलं प्रत्येक फूल सारख्याच जोराने ओरडत असणार. लाल, पिवळा, जांभळा हे रंग वेगळे असले तरी त्यांची व्हॅल्यू, म्हणजे उजळ-गडदपणा, जवळपास एकच निघेल.

या चित्रकारांबद्दल एक गोष्ट माहीत असली की शिकण्याची सगळी दिशाच बदलते: असा गुच्छ त्यांच्यासमोर कधी नव्हताच. वसंतातला ट्यूलिप आणि भर उन्हाळ्यातला हॉलिहॉक एकाच फुलदाणीत येणं शक्य नव्हतं, पण चित्रात ते सुखाने नांदतात. प्रत्येक फुलाचा अभ्यास ते त्या-त्या हंगामात करून ठेवत, किंवा चित्र अर्धवट ठेवून फुलाची वाट पाहत. अँटवर्पच्या थोरल्या यान ब्रूगलने १६०६ साली मिलानच्या कार्डिनल बोरोमेओंना कळवलं होतं, की अँटवर्पमध्ये न मिळणारी काही फुलं प्रत्यक्ष पाहून रंगवायला तो ब्रसेल्सला जाऊन आला. यान फान हाउसुमने १७४२ च्या पत्रात चित्राला उशीर होण्याचं कारण दिलं आहे, की आदल्या वर्षी पिवळा गुलाबच मिळाला नाही. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या त्याच्या एका चित्रावर १७३६ आणि १७३७ अशी दोन्ही सालं आहेत.

म्हणून फुलवाल्याचा गुच्छ समोर ठेवून किंवा त्याचा फोटो लावून ही शैली शिकता येत नाही. फोटोत कॅमेऱ्याने सावल्या काळ्या करून टाकलेल्या असतात, आणि गुच्छ बांधणाऱ्याने सगळी फुलं तुमच्याकडे तोंड करून बसवलेली असतात. तुम्हाला आधी साठा हवा. सुट्या फुलांच्या तैलरंगातल्या छोट्या स्टडीज (अभ्यासचित्रं), सहा बाय आठ इंचाच्या, सगळ्या एकाच दिशेच्या उजेडात केलेल्या. उजेड डावीकडून आणि थोडा वरून घ्या. ही दिशा एकदा ठरली की वर्षभर बदलायची नाही, नाहीतर एकत्र करताना स्टडीज एकमेकींशी भांडतात. प्रत्येक फुलाच्या किमान तीन स्टडीज करा: समोरून, बाजूने आणि पाठीमागून. पाठमोरं फूल बहुतेक शिकणारे टाळतात. पण गुच्छाला खोली तिथूनच येते. मान वळवलेलं एखादं फूल, त्याचा हिरवा देठ आणि पाकळ्यांची फिकी पाठ दिसली की डोळा आपोआप गुच्छाला वळसा घालून मागे जातो.

कोणती फुलं घ्यायची? ट्यूलिप हवाच असा हट्ट नको. जे हातात धरून उलटसुलट पाहता येईल तेच रंगवा. झेंडू तर त्या डच गुच्छांमध्येही आहे. मेक्सिकोहून युरोपात गेलेलं ते तेव्हाचं नवलाईचं फूल. कार्नेशन आणि लिली दादरच्या किंवा पुण्याच्या मार्केट यार्डाच्या फुलबाजारात मिळतात. गुलाबाच्या बाबतीत मात्र माझा आग्रह आहे. पॉलिहाउसमधला लांब दांड्याचा, टोकदार कळीचा गुलाब इथे चालत नाही. त्या चित्रांतला गुलाब शंभर पाकळ्यांचा, गोल, स्वतःच्या वजनाने मान टाकणारा आहे. आपला गावठी गुलाबी गुलाब त्याच्या कितीतरी जवळचा. कुणाच्या परसात असेल तर मागून घ्या, आणि तोडाल तो पानांसकट तोडा.

आता हा एक गुलाब नीट रंगवू, कारण तुमच्या ‘आतून उजळल्याच्या’ प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

सकाळी तोडलेला गुलाब छोट्या बाटलीत ठेवा, मागे गडद तपकिरी कापड. खिडकी एकच, बाकीच्या बंद. फूल तासाभरात हलतं आणि उमलतं, म्हणून रेखांकन झटपट उरका. पाकळ्या मोजत बसू नका. तीनच गोष्टी पकडा: वरची उघडी वाटी, तिच्याखालचं फुगीर पोट आणि बाहेर सुटलेल्या चार-पाच पाकळ्या. वाटीची कड समोरून पाहिली तर लंबवर्तुळ असते. ते चुकलं तर पुढे काहीही केलं तरी गुलाब चपटाच राहतो.

पहिला थर फिका आणि मातकट ठेवायचा. टिटॅनियम व्हाईट, त्यात थोडा यलो ऑकर आणि कॅडमियम रेडचा अगदी कण. सावलीच्या भागात यातच रॉ अंबर आणि किंचित हिरवट करडा. या टप्प्यावर गुलाब गुलाबी दिसताच कामा नये. फक्त कुठे उजेड आहे आणि कुठे नाही एवढंच कळलं पाहिजे. पांढरा रंग जिथे उजेड थेट पडतो तिथे जाड आणि सावलीत पातळ. मग थांबायचं, थर हाताला कोरडा लागेपर्यंत.

दुसऱ्या बैठकीत फुलाकडे पुन्हा नीट पाहा. पाकळी पातळ असते, तिच्यातून उजेड आरपार जातो. त्यामुळे दोन पाकळ्यांमधल्या खोल फटी काळ्या किंवा करड्या नसतात. तिथे उजेड पाकळ्यांतून गाळून आत आलेला असतो आणि आपटून परत येतो, म्हणून फुलातला सगळ्यांत तापलेला, भरलेला लाल रंग तिथे सापडतो. पोटावरचा उजेड फिका आणि थंड, त्याच्या कडेची सावली करडट गुलाबी, आणि अगदी खोलातली फट ऊबदार लाल. आपण सगळे सवयीने सावली म्हटली की काळं किंवा अंबर मिसळतो आणि गुलाब तिथेच विझतो. फटींमध्ये बर्न्ट सिएना आणि क्विनॅक्रिडोन रोज घालून पाहा. फूल लगेच जिवंत होईल.

तो थरही वाळल्यावर ग्लेझ, म्हणजे पारदर्शक रंगाचा पातळ थर. ट्यूबवर पीव्ही १९ हा रंगद्रव्याचा क्रमांक लिहिलेला क्विनॅक्रिडोन रोज, त्यात अगदी थोडं मीडियम, आणि मऊ ब्रशने पातळ पसरायचा. उजेडाच्या जागांवरून तो बोटाने किंवा जुन्या सुती कापडाने पुसून काढा, सावल्यांत राहू द्या. आता खालचा फिका थर या पारदर्शक गुलाबीतून वर दिसतो. बाहेरचा उजेड रंगातून आत जातो, पांढऱ्यावर आपटून पुन्हा डोळ्यात येतो. एकाच थरात पांढरा आणि गुलाबी मिसळून ही झाक मिळत नाही. तिथे खडूसारखा गुलाबी मिळतो. ग्लेझ ओली असतानाच पाकळ्यांच्या वळलेल्या कडांवर पांढऱ्यात जेमतेम गुलाबी घालून दोन-तीन ठाम फटकारे, आणि हात आवरा.

जुने चित्रकार यासाठी मंजिष्ठासारख्या वनस्पतीच्या मुळांचा किंवा कोचिनील किड्यांचा लाल वापरत. बाजारात ‘ॲलिझरिन क्रिमसन’ नावाचा जो खरा रंग, पीआर ८३, मिळतो तो पातळ ग्लेझमध्ये उजेडाने फिका पडतो, घेऊ नका. रंग उडण्याचं काय होतं ते त्याच चित्रांत दिसतं. पानांचा हिरवा रंग करताना ते पुष्कळदा निळ्यावर पिवळ्या लेकची, म्हणजे रंजकापासून केलेल्या पारदर्शक रंगाची, ग्लेझ देत. पिवळा लेक काळाच्या ओघात उडाला आणि खालचा निळा उरला. फान हाउसुमच्या आणि इतरांच्याही कित्येक चित्रांत आज निळी पानं दिसतात ती यामुळे. ते पाहून मुद्दाम निळी पानं रंगवणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. चित्रकाराच्या मनात ती पानं हिरवीच होती.

पानांसाठी तयार हिरवा कमीत कमी वापरा. आयव्हरी ब्लॅक आणि कॅडमियम यलो लाइट मिसळून सुरेख ऑलिव्ह हिरवा मिळतो, अल्ट्रामरीन आणि ऑकरने थंड, धुरकट हिरवा. उजेडातल्या पानाचा वरचा चकचकीत भाग हिरवा नसतोच, तो आकाशाचा निळसर करडा असतो. पानामागून उजेड येत असेल तरच पिवळसर पोपटी. आणि काही पानं किडीने खाल्लेली, कडेला तपकिरी पडलेली असू द्या. ती त्या चित्रांत मुद्दाम आहेत, सगळं नश्वर आहे याची आठवण म्हणून.

पांढऱ्या फुलांबद्दल थोडंच. शुद्ध पांढरा अख्ख्या चित्रात दोन-तीन नखाएवढ्या जागांवरच. बाकी सगळं करडं, निळसर, पिवळसर. पिवळ्या फुलाच्या सावलीला ऑकर आणि रॉ अंबर, जांभळा चुकूनही जास्त नको.

स्टडीजचा साठा झाला की रचना. सुरुवातीच्या पिढीत, म्हणजे आंब्रोसियुस बोस्खार्टच्या काळात, गुच्छ सममित असे, प्रत्येक फूल समोरून आणि सुटं दिसेल असं. हेगच्या मौरित्सहाउसमधलं त्याचं खिडकीतल्या फुलदाणीचं, सुमारे १६१८ चं चित्र पाहा. सुंदर आहे, पण तुम्हाला हवा तो नाट्यमय काळोख त्यात नाही. मागे निळं आकाश आणि लांबवरचा देखावा आहे. तुम्हाला हवं ते पुढच्या पिढ्यांत सापडेल: यान डाविड्स डे हेम, विलेम फान आल्स्ट आणि आल्स्टकडे पंधराव्या वर्षी शिकायला गेलेली राखेल राउश. आल्स्टने गुच्छाचा तोल मुद्दाम एका बाजूला कलता केला आणि राउशने तो तिरकेपणा आणखी मोकळा सोडला: एका कोपऱ्यातून देठ वर झेपावतो, समोरच्या कोपऱ्यात एखादी फांदी टेबलाच्या कडेवरून खाली लोंबते. राउशचे वडील फ्रेडरिक राउश शरीरशास्त्राचे आणि वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, त्यांच्याकडे जतन केलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह होता. दहा मुलांची ही आई वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षीही चित्रं रंगवत होती. तिची फुलं इतकी नेमकी का आहेत याचं निम्मं उत्तर त्या घरात आहे.

रचना करताना स्टडीजचे फोटो छापून, कापून कागदावर सरकवत बसा. यात भरपूर वेळ घालवा, इथे वाचवलेला वेळ पुढे दुपटीने जातो. आधी कोळशाने गुच्छाचा एकच मोठा गोळा काढा आणि त्यावर डावीकडून उजेड टाका. आता गोळ्याच्या उजळ भागात जी फुलं बसतील ती फिकी, मोठी आणि पूर्ण उमललेली. गोळा उजवीकडे वळतो तिथे लाल, जांभळी, आणि पार कडेला पानं, कळ्या, देठ. पांढरं फूल सावलीच्या बाजूला ठेवायचंच असेल तर ते करडं रंगवायची हिंमत हवी. तीन-चार फुलांच्याच कडा धारदार. बाकीच्यांच्या कडा शेजाऱ्यात किंवा काळोखात हरवू द्या. तुमची फुलं चिकटवल्यासारखी दिसतात ती मुख्यतः यामुळे: सगळ्या कडा सारख्याच कापलेल्या आहेत. फुलदाणी लहान आणि गुच्छ मोठा ठेवा. काचेची असेल तर वर डावीकडे खिडकीचं छोटं प्रतिबिंब आणि खाली उजवीकडे काचेतून आलेला मंद उजेड, एवढ्यावर भागतं.

मग पार्श्वभूमी. ट्यूबमधला काळा सरळ लावलात म्हणून ती मेली. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळून गडद रंग करा, कुठे अंबर जास्त, कुठे निळा. ज्या बाजूने उजेड येतो त्या बाजूची पार्श्वभूमी जास्त गडद आणि गुच्छाच्या सावलीच्या बाजूची थोडी उजळ, ऊबदार ठेवा. उलटं वाटेल, पण उजळ फुलं गडदावर आणि गडद पानं उजळावर आली की गुच्छाभोवती हवा तयार होते. बाहेरची पानं रंगवताना पार्श्वभूमीचा पातळ ओला थर आधी द्या आणि पानांच्या कडा त्या ओल्यात मिसळा. पांढऱ्या कॅनव्हासवर सुरुवात करू नका. अंबर आणि पांढऱ्याच्या करडट तपकिरी पातळ थराने तो आधी मधल्या छटेवर आणा, म्हणजे उजेड आणि काळोख दोन्हींचा अंदाज पहिल्या फटकाऱ्यापासून येतो.

वाळल्यावर गडद भाग मॅट आणि धुळकट दिसतात, कारण तेल खालच्या थरात शोषलं जातं. अंबरच्या बाबतीत हे फार होतं. पुढच्या बैठकीआधी त्या जागेवर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात देऊन कापडाने पुसून घ्या; काळोखाची खोली परत येते. तुमच्या ‘मेलेल्या’ काळ्यातला काही भाग एवढ्यानेच जागा होईल.

दवाचा थेंब सगळ्यांत शेवटी. थेंबाचा उजेडाकडचा भाग गडद असतो आणि त्याच गडदात चमकेचा एक ठिपका. उजेड थेंबातून आरपार जाऊन पलीकडच्या कडेला साठतो, तिथे पाकळीचाच रंग जास्त उजळ. थेंबाची सावली त्याच्याही पलीकडे. एका चित्रात तीन थेंब पुष्कळ झाले.

आता मीडियम. रिफाइंड लिनसीड ऑइल आणि टर्पेंटाइन, बस. पहिल्या थरांत टर्पेंटाइन जास्त, वरच्या थरांत तेल जास्त. हा क्रम उलटला तर वरचा थर आधी वाळून पुढे तडे जातात. ग्लेझलासुद्धा रंग पातळ करण्यापेक्षा घासून पसरवायचा असतो. मीडियमचा पूर आला की ती ओघळते आणि पिवळी पडते. झिंक व्हाईट टाळा, त्याचा थर ठिसूळ होतो. शिशाचा पांढरा विषारी असतो, घरात नकोच. खोलीत हवा खेळती ठेवा, आणि तेलाने भिजलेली कापडं चुरगळून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून मगच कचऱ्यात टाका.

बारीक कामाला जाड विणीचा कॅनव्हास नडतो. जेसो (पांढरं अस्तर) देऊन पॉलिशपेपरने घासलेला बोर्ड बरा, पण एमडीएफ वापराल तर दोन्ही बाजू आणि कडा सील करा, नाहीतर कोकणपट्टीतल्या दमट हवेत तो फुगतो. पावसाळ्यात थर वाळायला फार वेळ लागतो आणि भिंतीला टेकवलेल्या कॅनव्हासच्या पाठीवर बुरशी धरते. त्या महिन्यांत मी शिकणाऱ्यांना स्टडीजच करायला लावते, मोठं चित्र दिवाळीनंतर. व्हार्निशला सहा महिने तरी थांबा.

हात बसायला एक नक्कल जरूर करा, पण अख्ख्या चित्राची नको. राइक्सम्युझियमच्या त्याच संकेतस्थळावरून डे हेमच्या काचेच्या फुलदाणीतल्या गुच्छाची प्रतिमा घ्या, त्यातलं एकच फूल आणि त्याच्याभोवतीचा तळहाताएवढा भाग निवडा आणि वर सांगितलेल्या क्रमाने रंगवा. आणि मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रं आहेत. जुन्या तैलरंगाचा पृष्ठभाग प्रत्यक्ष कसा दिसतो, कुठे जाड आणि कुठे पातळ, हे पडद्यावर कधीच कळत नाही.

तुमचं पूर्ण झालेलं चित्र फेकू नका, ते ग्लेझ शिकायला फार कामाचं आहे. नीट वाळलं असेल तर मध्याची तीन फुलं निवडा. बाकी सगळ्यावरून, पार्श्वभूमीसकट, अंबर-अल्ट्रामरीनचा पातळ हात फिरवा. उजवीकडच्या कडेच्या फुलांवर तो दोनदा द्या, मधल्या थराला वाळू देऊन. ओला असतानाच कोरड्या मऊ ब्रशने त्या फुलांच्या बाहेरच्या कडा पार्श्वभूमीत ओढा. मग कृष्णधवल फोटो पुन्हा काढा, आणि त्या तीन फुलांपैकी कोणतं अजूनही मागे पडतंय ते पाहून त्याच्यावरच पांढऱ्याचा नवा थर चढवा.